चौदा दिवसांची अंडी

पहिली कोंबडी मेली तेव्हा मी ती पिशवीत घालून नाक्यावरच्या चिकनवाल्याकडे घेऊन गेले. त्याला वाटलं, मला साफ करून हवी आहे.

"मेलेली नाही चालत मॅडम," तो म्हणाला.

"खायची नाही रे. फक्त पोट उघडून दाखव. कशाने मेली ते बघायचंय."

ओळखीचा माणूस, म्हणून ऐकलं त्याने. गिऱ्हाईक कमी झाल्यावर दुकानाच्या मागे नेऊन सुरी चालवली. आतडं उभं चिरलं. आत शेवया कोंबून भराव्यात तसे पांढरे जंत होते. काही अजून हलत होते. तो म्हणाला, "हिने खाल्लेलं हिला मिळतच नव्हतं." मग हात धुऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी महापालिकेच्या शाळेत प्राथमिकला शिकवते. दर वर्षी जंताच्या गोळ्या येतात, मुलांना रांगेत उभं करून माझ्यासमोर चावायला लावते, तोंड उघडून दाखवायला सांगते. इतकी वर्षं हे केलं, पण माझ्याच घराच्या बाजूला सात जीव हळूहळू आतून पोखरले जातायत, हे मला कळलं नव्हतं. तुरे फिके पडले होते, अंडी कमी झाली होती, दोघी-तिघी पंख पाडून कोपऱ्यात बसायच्या. मी ते उन्हावर ढकललं होतं. मे महिना होता.

चारकोपला आमचं बैठं घर आहे, ओळीतलं शेवटचं. वडील गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर मिळालेल्या पैशांत त्यांनी ते घेतलं. वडील गेले, मी लग्न केलं नाही, आता आई आणि मी दोघीच असतो. शेवटचं घर म्हणून बाजूला कुंपणाच्या भिंतीपर्यंत चिंचोळी जागा आहे. लॉकडाऊन उठल्यावर आई गावाहून परतली ती खोक्यात पिल्लं घालूनच. जुन्या खिडक्यांच्या ग्रिल बांधून तिने खुराडं केलं. मुलांना शिकवण्यात माझा दिवस जायचा, तिचा कोंबड्यांत. सोसायटीत वासाची तक्रार झाली तेव्हा मी तर खुराडं काढायला तयार झाले होते. पण शेजारच्या काकू मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या. "भिंतीला भिंत आमची आहे. आम्हाला वास येत नाही, मग तुम्हाला पलीकडच्या ओळीत कसा येतो?" विषय तिथेच संपला.

काकू जालन्याकडच्या. त्यांचा मुलगा एका कुरियर कंपनीत, आणि सून घरीच शिवणकाम करायची. त्या मुलीचा आणि आईचा एकमेकींवर फार जीव जडला होता. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या मागच्या ओट्यावर उघडते, तिथून दोघींचं दिवसभर बोलणं चालायचं. आदल्या वर्षी तिला दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यात सगळं गेलं. तेव्हा ती आठ दिवस शिवणाच्या मशीनला शिवली नव्हती. रोज दुपारी आई तिच्याजवळ जाऊन नुसती बसायची.

चिकनवाल्याकडून आले त्या दिवसापासून मी डॉक्टर शोधायला लागले. मुंबईत कुत्र्यामांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली झालेत. पण फोनवर "कोंबडी" म्हटलं की पलीकडची माणसं परत विचारायची, कोंबडी? एका ठिकाणची मुलगी चक्क हसली. एकाने सांगितलं, "अहो, तेवढ्या औषधाच्या पैशात नवीन येईल." शेवटी शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीने जनावरांचे एक डॉक्टर मिळाले. वयस्कर, पूर्वी गावोगाव फिरलेले. त्यांनी विष्ठा घेऊन यायला सांगितली. मी आईस्क्रीमच्या धुतलेल्या डबीत सकाळची ताजी घेऊन गेले. त्यांनी डबी उन्हात धरून काडीने उलटसुलट केली.

"हे शेवईसारखे आहेत ते गोल जंत. पण हे बघा, तांदळाच्या कण्यांसारखं. ही पट्टकृमीची तुटलेली टोकं. दोन्ही आहेत."

त्यांनी मला दोन रस्ते सांगितले. पहिलं औषध सौम्य, पाण्यातून द्यायचं. त्याने गोल जंत जातात, पट्टकृमी राहतात. ते नंतर बघायचे. दुसरं जास्त जोरकस, दोन्हींवर चालतं, पण एकेकीला वजन करून चोचीतून द्यायचं आणि तीन आठवड्यांनी परत.

"घाई नसेल तर आधी सौम्यच द्या," ते म्हणाले. "आणि दुसरं दिलंत तर चौदा दिवस अंडी खायची नाहीत. विकायची नाहीत, कुणाला द्यायची नाहीत. घरात लहान मूल आहे? कुणी गरोदर?"

"नाही," मी म्हटलं. घरात खरंच नव्हतं कुणी.

मला घाई होती. आठवड्यावर शाळा आली होती, एकदा वर्ग सुरू झाले की मला कशालाच वेळ मिळत नाही. पंधरा दिवस हे, मग ते, एवढं नको वाटलं. मी जोरकस औषध निवडलं. ते का निवडलं याचं कारण मी नंतर अनेकांना वेगवेगळं सांगितलं, पण खरं कारण इतकंच होतं.

रविवारी सकाळी खायला घालायच्या आधी आम्ही बसलो. आईने एकेक कोंबडी काखेत धरायची, मी पिशवीत घालून काट्यावर वजन करायचं, मग सुई काढलेल्या सिरिंजमध्ये औषध भरायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडा. जिभेमागे श्वासाचं भोक असतं, त्यात गेलं तर जीव गुदमरेल. आई कोंबडीचं डोकं दोन बोटांत असं हलकं धरायची की तीही शांत राहायची. पण तोंडाने आईची कुरकुर चालूच होती.

"गावाक आमी लसूण ठेचून घालू. जगली ती जगली. ह्या इतक्या औषध कशाक?"

"आई, पोटातलं तू बघितलं नाहीस. मी बघितलंय."

सहाही जणींना दिलं. मग मी तिला सांगितलं: आजपासून चौदा दिवस एकही अंडं खायचं नाही. पपईच्या बुंध्याशी खड्डा करून ठेवलाय, त्यात फोडून टाकायचं आणि वर माती.

"अन्न असा ता. मातीत पुरूचा?"

"हो. औषध उतरतं त्यात."

तिने मान हलवली. मी तो होकार धरला. शेजारची सून पुन्हा गरोदर आहे, हे मला माहीत होतं. तिसरा महिना लागला होता. आई तिला अधूनमधून अंडी देते, हेही माहीत होतं. पण या दोन गोष्टी त्या सकाळी माझ्या डोक्यात एकत्र आल्याच नाहीत.

औषध लागू पडलं. दोन दिवस खुराड्यात बघवत नव्हतं. मी सगळा भुसा गोळा करून टाकला, जमिनीवर चुना मारला. चौथ्या-पाचव्या दिवशी कोंबड्या दाण्यावर तुटून पडायला लागल्या. शाळा सुरू झाली. घरी येईपर्यंत मी दमलेली असायची, पपईच्या बुंध्याशी वाकून बघायचं मनातही आलं नाही.

दहाव्या दिवशी, मंगळवारी, शाळेतून येताना सून गेटजवळ भेटली. चेहरा ओढलेला होता, पण हसली.

"ताई, आजींना सांगा ना, आता थोडे दिवस अंडी नका पाठवू. सहा पडलीत फ्रीजमध्ये. रोज दोन-दोन देतात."

मी पर्सचा पट्टा खांद्यावर सरकवला.

"तसं तेवढंच जातं मला," ती म्हणाली. "बाकी कशाचाही वास आला की उलटी होते. उकडलेलं अंडं आणि मीठ, बस. आजी म्हणतात, बाळ कोंबडीसारखं टुणटुणीत होणार."

तेव्हाच सांगायला हवं होतं. ती समोर होती, वाक्य एवढंसं होतं. मी म्हटलं, "सांगते हं आईला," आणि घरात गेले.

आई भातातलं पाणी वेळत होती. मी पर्स खाली न ठेवताच विचारलं. तिने आधी नाही म्हटलं. मग पदराला हात पुसत खाली बसली.

"पोरीच्या पोटात काय ऱ्हवत नाय. अंडा तेवढा ऱ्हवता. माका वाटला, उकडल्यावर औषध मरतला."

"मी तुला कुणाला देऊ नकोस म्हटलं होतं!"

"तू खाऊ नको म्हटलंस. पुरूक सांगितलंस. तिचा नाव खय घेतलंस?"

खरं होतं. मी नाव घेतलं नव्हतं.

मी तिला डॉक्टरांचं बोलणं सांगितलं, त्यांनी गरोदर बाईबद्दल विचारलं होतं तेही. मग तिने माझा हात धरला. माझ्या आईने माझा हात असा कधी धरला नव्हता, वडील गेले तेव्हाही नाही. "सांगू नको गो तिका. काय होवचा नाय. पण तू सांगितलंस तर ती परत माझ्याकडे बघूची नाय. मी उद्यापासून देणंय नाय. झाला तेवढा पुरे."

मी तिचं ऐकलं. तिच्यासाठी ऐकलं असं म्हणायला बरं वाटतं. मलाही तोंड दाखवायचं नव्हतं.

पण फ्रीजमधली सहा अंडी डोक्यातून जाईनात. बुधवारी सकाळी मी काकूंच्या दारात गेले. बाजारातली बारा अंडी हातात होती. म्हटलं, "काकू, शाळेत मुलांना गावठी अंडी दाखवायची आहेत. आमच्याकडे आज एकही नाही. तुमच्याकडे असतील ती द्या ना, त्याच्या बदल्यात ही घ्या."

काकूंना गंमत वाटली. "अहो, तुमचीच अंडी, बदली कशाची करता?" त्यांनी फ्रीज उघडला. चारच होती. "दोन आत्ताच उकडून दिली सुनेला."

मी चार अंडी पिशवीत घेऊन शाळेत गेले. तिथे मागच्या बाजूला कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्या दिवशी वर्गात एका मुलाने विचारलं, "बाई, तुम्हाला बरं नाही का?" मी त्याला पाढे म्हणायला लावले.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी औषधाचं नाव आणि डोस पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाले, "अंड्यात उतरतं ते थोडं असतं. बहुतेक काही होणार नाही. पण मी गुरांचा डॉक्टर आहे बाई, माणसाबद्दल मी शब्द देऊ शकत नाही. तिच्या डॉक्टरला कळलं पाहिजे. बाटली घेऊन जा, नाव दाखवा. आणि आज जा."

संध्याकाळी मी बाटली घेऊन गेले. काकू, त्यांचा मुलगा, सून, तिघंही घरात होते. मी बसले नाही, उभ्यानेच सांगितलं. शब्द आठवत नाहीत, एवढं आठवतं की सुनेने ऐकता ऐकता दोन्ही हात पोटावर नेले आणि ओढणी त्यावर घेतली, जणू मी तिथे बघत होते.

काकूंनी विचारलं, "म्हणजे काल अंडी न्यायला आलात, ते शाळेसाठी नव्हतं?"

"नव्हतं."

"तुम्हाला ठाऊक होतं, आणि आमच्या डोळ्यादेखत खोटं बोललात व्हय?"

"हो."

"दोन तिच्या पोटात गेली काल. परवा सांगितलं असतं तर गेली नसती."

मुलगा उठला, बाटली हातातून घेतली, तिच्यावरच्या नावाचा मोबाइलवर फोटो काढला आणि बाटली परत दिली. "आम्ही बघतो," तो म्हणाला. मी सोबत येते म्हटलं. "नको."

सून पहिल्यांदा बोलली तेव्हा मी दारात पोचले होते. "आजींना माहीत होतं?"

मी थबकले. "तिला वाटलं उकडल्यावर काही राहत नाही."

"मंगळवारनंतर. मंगळवारनंतर माहीत होतं का?"

मी हो म्हटलं. आईला वाचवायचं एक खोटं तेव्हा सहज सांगता आलं असतं. पण त्या घरात आणखी एक खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते मला दोन दिवसांनी काकूंनी कुंपणावरूनच सांगितलं, माझ्याकडे न बघता. घाबरू नका म्हणाल्या, प्रमाण फार थोडं आहे, पण छातीवर हात ठेवून काहीच नाही असंही म्हणता येत नाही. पाचव्या महिन्यात मोठी सोनोग्राफी असते, त्यात नीट बघू. म्हणजे दोन महिने वाट बघायची.

ते दोन महिने आमच्या घरात फार वाईट गेले. मागच्या ओट्यावर येणं सुनेने बंद केलं. शिवणाच्या मशीनचा आवाज भिंतीतून यायचा. तो थांबला की आई हातातलं काम सोडून कान द्यायची. पुन्हा सुरू झाला की सुस्कारा टाकायची. एकदा सलग दोन दिवस आवाज आला नाही तेव्हा तिने जेवण सोडलं. मी शेवटी सोसायटीच्या वॉचमनला विचारून घेतलं. सून आत्याकडे मुलुंडला गेली होती एवढंच होतं. आई माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. ती माझ्यावर रागावलीय की स्वतःवर, ते मला कळत नव्हतं आणि विचारायचं धैर्य नव्हतं.

याच काळात दुसऱ्या डोसची वेळ आली. तीन आठवडे झाले होते. मी आईला म्हटलं, उद्या सकाळी धरशील ना? ती म्हणाली, "माका नको ता. माझो हात लागूचो नको."

मी एकटीच बसले. कोंबडी गुडघ्यांत दाबली, डाव्या हाताने डोकं धरलं, उजव्या हातात सिरिंज. पहिल्या तिघींना जमलं. चौथी तांबूस रंगाची होती, आईच्या मागे मागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येणारी. तिने मान झटकली आणि माझा अंगठा दांडीवर जोरात दाबला गेला. सगळं औषध एकदम आत गेलं. तिने चोच उघडली, एक विचित्र शिंकेसारखा आवाज काढला, मान वर ताणली. मी तिला उलटी धरली, पाठीवर थोपटलं. तुरा निळा पडला. पंख दोनदा फडफडले आणि मग ती माझ्या मांडीवर जड झाली.

आई दारात उभी होती. कधीपासून, ते माहीत नाही. मला वाटलं आता बोलेल. ती खाली उतरली, माझ्या मांडीवरची कोंबडी उचलून भिंतीशी ठेवली आणि माझ्या समोर बसली. उरलेल्या दोघींपैकी एकीला काखेत घेतलं, दोन बोटांत डोकं धरलं.

"सावकाश सोड," ती म्हणाली.

त्या दोघींना आम्ही मिळून औषध दिलं. या वेळी अंडी मी स्वतः पुरली, चौदाही दिवस, सकाळी शाळेत जायच्या आधी.

सोनोग्राफी ऑगस्टमध्ये झाली. ते लोक रिक्षाने गेले तेव्हा आई खिडकीत होती आणि परत आले तेव्हाही. रिक्षातून उतरताना सुनेने आमच्या खिडकीकडे बघितलं. ती थांबली, आणि मान एकदा हलवली. ठीक आहे, अशी. आई खाली भिंतीला टेकून बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी तिच्याशेजारी बसले. आम्हाला कुणी काही सांगायला आलं नाही, आम्हीही विचारायला गेलो नाही.

मुलगी झाली, डिसेंबरात. व्यवस्थित, वजनही चांगलं. नामकरणाला काकूंनी बोलावणं केलं, आईला आणि मलाही. सुनेने बाळ आणून आईच्या मांडीवर ठेवलं. "आजी, धरा," एवढंच म्हणाली. आईने बाळाच्या डोक्याखाली हात दिला. मला सुनेने पेढा दिला, पाणी दिलं, शाळा कशी चाललीय विचारलं. बाळ माझ्याकडे दिलं नाही. मी मागितलंही नाही. बायका बाळाला हातोहात फिरवत होत्या, माझ्यापाशी आलं की कुणीतरी मधेच घ्यायचं. ते मुद्दाम होतं की मलाच तसं वाटत होतं, अजून सांगता येत नाही.

आता ओट्यावरचं बोलणं थोडं सुरू झालंय. आईशी. अंड्यांचं नाव कुणी काढत नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा औषधाची वेळ आली. डॉक्टरांकडे डबी नेली, या वेळी फक्त गोल जंत होते, तेही थोडे. सौम्य औषध पाण्यातून देऊन भागलं. अंड्यांचं त्यांना मी दोनदा विचारलं आणि कागदावर लिहून घेतलं. आणि द्यायच्या आदल्या संध्याकाळी ओळीतल्या पाचही घरांत जाऊन सांगितलं, उद्या कोंबड्यांना औषध देतेय, आमच्याकडून कुणी अंडी घेऊ नका. लोकांना नवल वाटलं; तशी आता कुणालाच आम्ही देत नाही. काकूंकडे मी सगळ्यात शेवटी गेले. सून बाळाला कडेवर घेऊन दारात आली. मी औषधाचं नाव सांगितलं, किती दिवस ते सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "आजींना सांगितलंत ना?"

"सांगितलंय. नाव घेऊन सांगितलंय."

तिने मान डोलावली. बाळ माझ्या चष्म्याकडे हात नेत होतं. तिने तो हात हलकेच धरून मागे घेतला आणि म्हणाली, "आत जाते मी, गॅसवर दूध आहे."